गोगलगाईच्या पेशी

आत्याच्या हातून घरातली कपबशी कधी धडपणे सिंकपर्यंत पोचली नाही, पण प्रयोगशाळेत तेच हात रक्ताच्या थेंबातल्या पेशी इतक्या अलगद उचलायचे की बघणाऱ्याने श्वास रोखून धरावा. आणि बघणारा कोणीतरी लागायचाच, ही तिची खोड. काही सुंदर दिसलं की तिला ते एकटीला पचायचंच नाही. मायक्रोस्कोपखाली एखादी पेशी जरा नखऱ्यात हलली की ही बाई खोलीबाहेर येणार आणि जो दिसेल त्याला हाताला धरून आत ओढणार. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस, निवृत्तीला टेकलेले शेजारच्या विभागाचे साहेब, चुकून भलत्याच मजल्यावर उतरलेली कोणा पेशंटची मावशी, सगळ्यांनी तिच्या खुर्चीत बसून 'अरे वा' म्हटलेलं आहे. लोक हसायचे. हसू देत. उपजत हौस ती, कोणी म्हटलं म्हणून थोडीच जाणार?

आता तिचं काम काय, ते सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. रोगाशी लढणाऱ्या पेशी शत्रूला ओळखतात, एवढं शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. ओळखल्यावर त्या अंग कसं हलवतात, हा आत्याचा विषय. पेशीच्या बाहेरच्या सालीवर रिसेप्टर असतात, चाचपडणारी बोटंच म्हणा ना. बोटाला परकं काही लागलं की आत निरोप जातो, आणि आत बारीक धाग्यांचा एक सांगाडा असतो, तो कामाला लागतो. हाडांसारखा कायमचा सांगाडा नव्हे. हा इकडून उसवायचा आणि तिकडे विणायचा, घडोघडी. तो सरकतो तशी पेशी शत्रूवर पसरते, त्याला घट्ट धरते आणि मग त्याचा निकाल लावते. बोटांपासून सांगाड्यापर्यंत निरोप पोचवणारे मधले निरोपे असतात. त्यातला एक निरोप्या आत्याच्या भाच्याकडे जन्मापासून नव्हता.

भाच्याला घरात टिल्लू म्हणत. पाच वर्षांचा, आवाज मात्र वरच्या मजल्यापर्यंत जाणारा. त्याच्या पेशींना शत्रू कळायचा, पण निरोप सांगाड्यापर्यंत जायचाच नाही, म्हणून त्या जागच्या जागी थरथरत राहायच्या. साध्या सर्दीने पोरगं महिनाभर अंथरुणाला खिळायचं. त्याच आजारापायी रक्तही लवकर गोठायचं नाही, जरा कुठे टेकलं की अंगावर निळेजांभळे डाग. हे निदान झालं त्या वर्षी आत्याने हातातला छान चाललेला विषय सोडला आणि हा धरला. प्रयोगशाळेच्या सरांनी विचारलं, "एवढं सोडून हे कशाला?" ती म्हणाली, "घरची गरज आहे."

औषध एकच होतं. दुसऱ्या कोणाच्या हाडांतली, जुळणारी मज्जा टिल्लूला द्यायची, म्हणजे नव्या धडधाकट पेशी त्याच्या अंगात रुजतील. ती जुळली त्याच्या बहिणीशी. बहीण नऊ वर्षांची, आणि घरात तिचं नाव गोगलगाय. उगीच नाही पडलं. बुटाची नाडी बांधायला बसली की शाळेची घंटा होऊन जायची. जेवायला सगळ्यांच्या आधी बसायची आणि सगळ्यांच्या नंतर उठायची. काही विचारलं तर उत्तर येणार हे नक्की, कधी येणार ते विचारू नये. दादा म्हणजे आत्याचा भाऊ, तो तर म्हणायचा, "हिला आत्ता हाक मारून ठेवा, संध्याकाळी लागणार आहे."

डॉक्टरबाईंनी तिला एकटीला बसवून विचारलं होतं, "तुला द्यायचं आहे का? नको असेल तर नको म्हण. कोणी रागावणार नाही." गोगलगाय इतका वेळ विचार करत बसली की डॉक्टरबाईंच्या चहावर साय धरली. मग म्हणाली, "देईन. पण माझ्या पेशी टिल्लूच्या आत काय करतात ते मला दिसलं पाहिजे." डॉक्टरबाईंना हसू आलं. बाहेर आत्याला हे कळलं तेव्हा तिला आकाश ठेंगणं झालं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी आपणहून बघायला मागत होतं. "मी दाखवीन," ती म्हणाली, "अगदी पुढच्या खुर्चीत बसवून दाखवीन."

मज्जा दिली, ती रुजली. टिल्लू कित्येक महिने हॉस्पिटलातल्या काचेच्या खोलीत राहिला आणि काचेवर नाक चेपून येणाऱ्याजाणाऱ्याला वेडावून दाखवू लागला. रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात बहुतेक सगळ्या पेशी आता बहिणीच्या होत्या. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच टिल्लूला ताप आला. उतरला, पुन्हा आला. डॉक्टरबाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "पेशी आहेत, हे दिसतंय. पण त्या काम करतायत का? उद्या आमची बैठक आहे. घरी सोडायचं की अजून ठेवून पुढचे उपचार करायचे, ते ठरेल. त्याआधी तुमची चाचणी करून द्या." ही चाचणी त्या गावात आत्याशिवाय दुसरं कोणी करत नव्हतं.

पण आत्या पडली मुलाची आत्या. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळे काटेकोर म्हणत. हा माणूस चहात साखर घालतानाही चमच्याचं टोक बोटाने सपाट करून घ्यायचा. तो म्हणाला, "कुठल्या डबीत कोणाच्या पेशी, ते तुला कळता कामा नये. मी नावं काढून टाकतो आणि रंगीत ठिपके लावतो. बघून झालं की सांगेन." एका डबीत टिल्लूच्या जुन्या, आजारी पेशी, फ्रीझरमध्ये जपून ठेवलेल्या. दुसरीत आजच्या, म्हणजे खरं तर गोगलगाईच्या. तिसरीत निरोगी माणसाच्या. निरोगी माणूस कुठून आणायचा? त्यांच्याकडे रीतच होती, जो प्रयोग करील त्यानेच रक्तासाठी आपला दंड पुढे करायचा. आत्याने सकाळी केला होता.

वहिनी काचेच्या खोलीबाहेर बसून होती, म्हणून गोगलगाईला घेऊन आत्या प्रयोगशाळेकडे निघाली. पायऱ्या चढता चढता पोर थांबली.

"आत्या, पेशी माणसावर जातात का गं?"

"म्हणजे कशा?"

"म्हणजे मी गोगलगाय ना. मग त्या पण तशाच असतील. टिल्लूच्या आत जाऊन नुसत्या बसल्या असतील."

आत्या खळखळून हसली आणि तिच्याकडे बघताच हसू तोंडातच राहिलं. पोरीचा चेहरा एवढासा झाला होता. हे पोरीच्या मनात आजच आलेलं नव्हतं. ताप आला त्या दिवसापासून ती हे पोटात घेऊन हिंडत होती, आणि आपण सगळे मोठे तिच्यादेखत तिला हाका मारत होतो, गोगलगाय, ए गोगलगाय. आत्याला स्वतःचा भयंकर राग आला.

"अगं वेडे, पेशींना काय माहीत तू नाडी किती वेळात बांधतेस?" ती म्हणाली. गोगलगाईने मान हलवली, पण ती पटल्याची मान नव्हती.

आता इथे आत्याची हौस आडवी आली. सांगाड्याचे धागे दिसावेत म्हणून ती पेशींना एक रंग द्यायची, त्याने धागे अंधारात झळझळायला लागतात. तिच्या मनात आलं, आज पोरीला असं लख्ख दिसलं पाहिजे की पुन्हा शंका म्हणून यायला नको. आणि तिन्ही डब्यांत तिने रंगाचा हात सैल सोडला.

मायक्रोस्कोपची खोली लहानशी, काळोखी आणि उबदार. पेशींना अंगाएवढी ऊब लागते, म्हणून मायक्रोस्कोपभोवती काचेची पेटी होती आणि तिच्यात गरम हवा खेळत होती. आत्याने गोगलगाईला आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतः स्टुलावर बसली.

"हात टेबलावर ठेव. डोळे मीट. आधी नुसत्या बोटाच्या टोकाने टेकव. आता सगळा तळवा दाब. कळलं? पेशी हेच करते. मी खालच्या काचेवर एक औषध लावलंय, ते बोटांना लागलं की पेशीला वाटतं शत्रू सापडला. आत हिरवी चमक उठेल, ती म्हणजे निरोप निघाला. मग तांबडे धागे पसरायला लागतील. तसे पसरले, की झालं काम."

लाल ठिपक्याची डबी लावली. पडद्यावर पेशी वरून तरंगत खाली आल्या, काचेला टेकल्या आणि आत एकामागून एक हिरव्या चमका उठल्या. धागे तर असे झळाळत होते की आत्याने इतक्या वर्षांत पाहिले नव्हते. गोगलगाय पडद्याला नाक लावून बसली. पण धागे हलेनात. पेशी जिथे टेकल्या तिथेच गोल बसून राहिल्या.

"या जुन्या असणार," आत्या म्हणाली. "पिवळी लावू या."

पिवळीत हिरवी चमक उठली. धागे झळाळले. हलले नाहीत.

आत्याने घाईघाईने हिरव्या ठिपक्याची डबी लावली. तिसरीतही तेच. निरोप निघाला आणि सांगाडा ढिम्म. भाच्याच्या आजाराचं चित्र तिने शेकडो वेळा पाहिलं होतं, ते हेच.

मग गोगलगाय नेहमीसारखी सावकाश म्हणाली, "माझ्या कुठल्या?"

"मलाही माहीत नाही गं. काटेकोरला माहीत."

"कुठल्याही असू देत. कोणीच नाही पसरलं." ती खुर्चीवरून उतरली. "मी खाली जाऊन बसते."

आत्याला तिला थांबवायचं होतं, पण काय सांगून थांबवणार? दार हळूच लागलं. तेवढ्यात वहिनीचा फोन. "वन्सं, काही कळलं का?"

"चालू आहे अजून," आत्या म्हणाली आणि फोन ठेवून तिने तोंडावर पाणी मारलं. डोळ्यांपुढे काचेची खोली आली, अजून किती महिने कोण जाणे. त्याहून वाईट म्हणजे ते पोर खाली एकटं बसलं होतं. तिला आयुष्यभर वाटत राहणार, माझ्यामुळे.

काटेकोर आत आला. "झालं?"

"झालं. नाही पसरल्या."

"कुठल्या नाही पसरल्या?"

"तिन्ही."

काटेकोरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तिन्ही म्हणजे, तुझ्यासुद्धा?"

आत्याचा हात आपल्या दंडाकडे गेला.

"मग तुलाही तोच आजार आहे," काटेकोर म्हणाला. "डॉक्टरबाईंना कळवू का? काचेची आणखी एक खोली लागेल."

अहो, हे कळायला काय मोठी अक्कल लागते? पहिल्या वर्षाच्या पोरांना आत्या स्वतः शिकवायची, निरोगी माणसाच्या पेशी बिघडल्या तर दोष पेशींना द्यायचा नाही, आपल्या प्रयोगाला द्यायचा. पण आत्या म्हणून स्टुलावर बसली, तेव्हा ते सगळं शिकवणं पार धुऊन निघालं होतं. आपण सकाळी रक्त दिलंय हेच तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. ती आधी हसली, मग तिला रडू आलं, मग काय करावं ते न सुचून तिने काटेकोरच्या पाठीत धपाटा घातला.

"ते नंतर," तो पाठ चोळत म्हणाला. "चुकलं कुठे ते बघू. ऊब बरोबर आहे. काचेवरचं औषध?"

"ताजं."

"निरोपाची चमक आली होती?"

"तिन्हीत."

"म्हणजे बोटं ठीक, निरोप ठीक. सांगाडाच अडला. रंग किती घातलास?"

"नेहमीसारखाच," आत्या म्हणाली. काटेकोरने रंगाची बाटली उचलून बघितली. "म्हणजे, जरासा जास्त."

"जरासा?"

"तिप्पट."

काटेकोरने कपाळावर हात मारून घेतला. हा रंग धाग्यांना चिकटतो, आणि थोडा असेल तर धाग्यांना त्याचं काही वाटत नाही. पण भरमसाट घातला की तो धाग्यांना जखडूनच टाकतो, मग ना जुना धागा उसवतो ना नवा विणला जातो. आणि उसवणं-विणणं थांबलं की पसरणं कसलं? आत्याने पोरीला सांगाडा छान दिसावा म्हणून त्या सांगाड्यालाच बांधून ठेवलं होतं. जगात इतके लोक इतक्या परींनी चुका करतात, पण ही चूक करायला आत्याच हवी.

"टिल्लूचं आजचं रक्त उरलंय का?" तिने विचारलं.

"आहे. तुझंही आहे. जुन्या पेशींची एकच नळी उरली आहे, शेवटची."

"काढ बाहेर," असं म्हणून ती जिन्याकडे धावली.

गोगलगाय खालच्या पायरीवर बसली होती. रडत नव्हती, नुसती समोरच्या भिंतीकडे बघत होती. आत्या तिच्या शेजारी धपकन बसली.

"माझं चुकलं. रंग जास्त पडला माझ्या हातून. माझ्या स्वतःच्या पेशी पण नाही पसरल्या, आणि मी काही आजारी नाहीये. पुन्हा करायचंय."

गोगलगाय विचार करत राहिली. मग म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

"नाही गं."

"सगळे तसंच सांगतात. कंबरेत सुई टोचणार तेव्हा पण म्हणाले, काही दुखणार नाही. दुखलं होतं."

खरंच दुखलं होतं, आणि 'दुखणार नाही' म्हणणाऱ्यांत ती सगळ्यात पुढे होती. तिने पोरीचा हात हातात घेतला. "हे बघ. आता काय दिसेल ते मला ठाऊक नाही. कदाचित तुझ्या पेशी पसरतील, कदाचित नाही पसरणार. नाही पसरल्या तरी त्यात तुझा काहीएक दोष नसेल, पण ते मी सांगितलेलं तुला पटणार नाही, हेही मला कळतं. तू ये आणि आपल्या डोळ्यांनी बघ. या वेळी सुंदर काही दिसणार नाही."

हे ऐकून मात्र गोगलगाय उठली. बहुधा कोणी मोठं माणूस 'मला ठाऊक नाही' म्हणालेलं तिने त्या इमारतीत पहिल्यांदाच ऐकलं असावं.

या खेपेला रंग नाहीच. साधा प्रकाश खालून काचेवर टाकायचा आणि तो काचेवरून परतून येताना बघायचा. पेशी काचेला जिथे घट्ट चिकटते तिथे काळपट डाग दिसतो, बस. करड्या पडद्यावर काळे ठिपके, ओल्या भांड्याखाली टेबलावर उमटतात तसले. नळवाल्याला दाखवण्याजोगं त्यात काही नव्हतं. काटेकोरने ठिपक्यांची पुन्हा अदलाबदल केली आणि तोही भिंतीला टेकून उभा राहिला. असा तो कधी उभा राहत नसे.

लाल. करड्या पडद्यावर बारीक काळे ठिपके उमटले. थरथरले. थोडे वाढले, पुन्हा आखडले आणि तेवढेच राहिले.

गोगलगाईने खुर्चीचा दांडा घट्ट धरला. आत्याने तिच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि तो तसाच हवेत राहिला.

पिवळा. ठिपका उमटला. जरा थांबला. आणि मग कडेकडेने वाढायला लागला, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, मग सगळीकडून. शेजारचाही वाढला. त्याच्या शेजारचाही. बघता बघता पडद्यावर काळे गोल गोल डाग पसरले, चांगले रुंद, काचेला अगदी बिलगलेले.

"या पसरल्या," गोगलगाय कुजबुजली. "पण या तुझ्या असतील."

"असतील," आत्या म्हणाली. "किंवा नसतील."

हिरवा लावला. ठिपके उमटले. आणि थांबले. करड्या पडद्यावर ते एवढेएवढेसे ठिपके, हलत नाहीत, हलत नाहीत. मग कोपऱ्यातल्या एकाची कड जराशी पुढे सरकली. आत्याला वाटलं भास झाला. दुसऱ्याची सरकली. मग सगळ्यांनी मिळून ठरवल्यासारखे ते पसरायला लागले, न थांबता, चहूबाजूंनी, पहिल्यांपेक्षाही रुंद.

"काटेकोर," आत्या म्हणाली, "बोल पटकन."

पटकन बोलेल तर तो काटेकोर कसला? त्याने घसा साफ केला. "लाल म्हणजे टिल्लूच्या जुन्या. पिवळ्या आणि हिरव्या, एक तुझ्या आणि एक टिल्लूच्या आजच्या."

"म्हणजे कुठल्याही असल्या तरी," गोगलगाय सावकाश म्हणाली, "माझ्या पसरल्या."

"पसरल्या. पिवळ्या तुझ्या आहेत. हिरव्या आत्याच्या."

गोगलगाय खुर्चीत गर्रकन वळली. "हिरव्या उशिरा निघाल्या होत्या. म्हणजे मी आत्यापेक्षा फास्ट?"

"एका डबीवरून असं म्हणता येत नाही," काटेकोर म्हणाला. "पुष्कळ पेशी मोजायला हव्यात, आणि एवढासा फरक तसा काही..."

"मी आत्यापेक्षा फास्ट," गोगलगाईने जाहीर केलं, आणि काटेकोर आयुष्यात पहिल्यांदा वाक्य अर्धवट सोडून गप्प बसला. त्याने भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसायला घेतला, तो बराच वेळ पुसत होता. आत्या मात्र खुशाल रडली, मोठ्याने, नाक शिंकरत, पोरीला पोटाशी धरून. पोर म्हणाली, "आत्या, मला गुदमरतंय," तरी तिने सोडलं नाही.

मग फोन लावला वहिनीला. गोगलगाईने आत्याच्या हातून फोन घेतला. "आई, माझ्या पेशी काम करतायत. मी स्वतः बघितलं. आत्याने आधी घोळ घातला होता."

काटेकोरने पुष्कळ पेशी मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि बैठकीआधी आकडे डॉक्टरबाईंच्या हातात ठेवले. तापाचं कारण साधंच निघालं, छातीत औषधासाठी बसवलेल्या नळीत जंतू शिरले होते. ती काढली आणि ताप गेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "न्या घरी. जेवणाखाण्याचं, औषधांचं सांभाळा. रक्तही आता नीट गोठतंय, बाकी साध्या मुलासारखं वागवा." आत्याने त्या दिवसापासून जास्तीच्या रंगाच्या नावाने कानाला खडा लावला. दाखवायची हौस तेवढी गेली नाही, डॉक्टरबाईंनाही तिने करड्या पडद्यासमोर बसवलंच.

टिल्लू घरी आला तेव्हा आत्या मदतीला म्हणून गेली होती, म्हणजे पहिल्याच तासात एक कप फोडून बसली होती. टिल्लू वाळला होता, डोक्यावर ब्रशासारखे नवे केस उगवले होते, आवाज मात्र होता तसाच. त्याने सगळ्या खोल्यांत फिरून पाहणी केली आणि बाहेरच्या खोलीत आला. तिथे कोचाच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात गोगलगाय पुस्तक घेऊन बसली होती.

"ही माझी जागा आहे," टिल्लू म्हणाला आणि त्याने दोन्ही हातांनी तिला ढकललं.

गोगलगाय मुकाट्याने सरकली. त्या घराची ती सवयच होती. तो जन्मल्यापासून तिला कोणी ना कोणी सांगत आलं होतं, त्याला हात लावायचा नाही, त्याला लागतं, तू मोठी आहेस ना, सोड. ती नऊ वर्षांची झाली तरी धाकट्या भावाशी एकदाही भांडलेली नव्हती. सरकली, पुस्तकाचं पान पुन्हा शोधू लागली, आणि थांबली. नेहमीसारखा विचार करत राहिली. मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आईकडे तिने बघितलं.

"आई, मी पण ढकलू?"

वहिनीच्या हातात फडकं होतं. तिने आत्याकडे बघितलं. आत्याने मान डोलावली.

"ढकल," वहिनी म्हणाली. "हळू हं."

गोगलगाईने पुस्तक बाजूला ठेवलं आणि ढकललं. हळू बिळू काही नाही, चांगलं सणसणीत. टिल्लू कोचावरून घसरला आणि जमिनीवर धप्पकन बसला. दादा अर्धा खुर्चीतून उठला होता, तसाच राहिला. टिल्लूने आधी बहिणीकडे बघितलं, मग एकेक करून सगळ्यांकडे. त्याला आजवर कोणी ढकललंच नव्हतं. हे काय आहे ते त्याला क्षणभर कळेना. मग तो जो खदखदून हसत सुटला, आणि उठून उशी घेऊन तिच्यावर तुटून पडला.

मग काय विचारता? उशा उडाल्या, पुस्तक कोचाखाली गेलं, टिल्लूने तिची वेणी धरली, तिने त्याचा पाय धरला. गोगलगाय म्हणे. त्या वेळी कोणी तिला बघायला हवं होतं. त्या धुमश्चक्रीतून तिची किंकाळीवजा तक्रार आली, त्या घरात कधी न ऐकू आलेली.

"आई, बघ ना गं, हा मला मारतोय."

वहिनीच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत होतं. तिने फडक्याने तोंड पुसलं, पोरांकडे पाठ फिरवली आणि स्वयंपाकघरात जाता जाता वैतागल्या आवाजात म्हणाली, "मला मध्ये ओढू नका. तुमचं तुम्ही बघून घ्या."